घरच्या पेशंटच्या सेवेचा दर्जा कसा तपासावा

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी बाई किंवा मामा ठेवले की घरात बहुतेकदा तीन गोष्टी पाहिल्या जातात: वेळेवर येतात का, गोड बोलतात का आणि हात स्वच्छ आहे का, म्हणजे चोरीमारीच्या अर्थाने. ते पाहावंच. पण सेवेचा खरा दर्जा पेशंटच्या टाचेवर, माकडहाडावर, लघवीच्या पिशवीत आणि नोंदवहीत दिसतो. घरातल्या कोणालाही तो रोज दहा मिनिटांत तपासता येतो.

कोणी काय करायचं

"सिस्टर पाठवा" असा फोन येतो तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो, काम नेमकं काय आहे? अंग पुसणं, डायपर बदलणं, भरवणं, कूस बदलणं, चालवणं, बीपी मोजून लिहून ठेवणं, ठरलेल्या गोळ्या वेळेवर देणं ही प्रशिक्षित केअरटेकरची कामं. नाकातून नळी घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, सलाईन, शिरेतलं इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं, आणि तीही डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून. नर्स म्हणजे एएनएम किंवा जीएनएम यांसारखा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली व्यक्ती. नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख बिनदिक्कत मागा. केअरटेकरच्या बाबतीत आधार कार्ड, पोलीस पडताळणी आणि प्रशिक्षणाचा दाखला पाहा.

ही चौकशी तुम्हीच करावी असं आम्ही आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. घरी सेवा देणाऱ्या संस्थांसाठी किमान निकष ठरवण्याची तरतूद 2019 साली लोकसभेत मांडलेल्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात होती. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही.

पाठीवरच्या जखमा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते बहुतांशी टाळता येतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही आणि आतलं मांस मरायला लागतं. वर जखम दिसते तेव्हा आत बरंच बिघडलेलं असतं. म्हणून रोज अंग पुसताना माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू आणि कानाची पाळी उजेडात पाहायची. डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. क्षणभर फिका पडून परत रंग आला तर कातडी अजून शाबूत आहे. फिका पडतच नसेल तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधायची.

अशा जागेवर तेल किंवा स्पिरिट चोळायची पद्धत घरोघरी आहे. मायेपोटीच केलं जातं, पण कृपा करून ते थांबवा. चोळल्याने आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी तुटतात. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या काठावर दाब येऊन मधल्या भागाचं रक्त अडतं.

कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण कुशीवर आडवं केलं तर सगळा भार खुब्यावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंशच कलवायचं. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाचा अधांतरी राहतील. टाच आणि चादर यांच्यातून हात सहज फिरला पाहिजे. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, कातडी घासली जाते. कमरेखाली दुहेरी घडीची आडवी चादर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं. पेशंट वजनदार असेल तर दुसरा हात घरातल्या कोणाचा, हे आधीच ठरवा.

एअरबेड घेतला म्हणजे कूस बदलायची गरज संपली असं नाही. त्यावर गोधडी आणि दोन-तीन चादरी घातल्या तर त्याचा उपयोगच उरत नाही. एक पातळ, न ताणलेली चादर पुरे. हवा पुरेशी आहे का हे बघायला माकडहाडाच्या खाली, एअरबेड आणि खालची गादी यांच्यामध्ये तळहात वर करून हात सरकवा. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे. मध्ये निदान अडीच सेंटिमीटरचा फुगवटा हवा. वीज गेली की पंप बंद पडतो, तेव्हा दोन तासांची वाट पाहायची नाही.

आता एक स्पष्ट बोलतो. चोवीस तासांची एकच बाई रात्रभर दर दोन तासांनी उठेल आणि दिवसाही नीट काम करेल, हे माणसाच्या शरीराला झेपत नाही. डॉक्टरांनी दोन तासांचं वेळापत्रक दिलं असेल तर बारा-बारा तासांच्या दोघी लागतात, नाहीतर रात्रीच्या दोन पाळ्या घरच्यांनी घ्याव्यात. हे न सांगता एकीवर काम घेणारी संस्था तुमचे पैसे वाचवत नाही.

नळीतून भरवणं

नाकातून पोटात गेलेल्या नळीवर नाकपुडीपाशी खूण केलेली असते. ती जागेवर नसेल तर भरवायचं नाही, नर्सला बोलवायचं. नळीत हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी रीत भरवशाची नाही. भरवण्याआधी डोकं 30 ते 45 अंश वर हवं. फाउलर बेड (पाठ आणि गुडघे वेगवेगळे उचलता येणारा पलंग) असेल तर त्याचा आधी गुडघ्याकडचा भाग उचला, मग पाठीचा; उलट केलं तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी ओढली जाते. एका वेळी 200 ते 250 मिली, गाळलेलं, कोमट. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाईत दट्ट्याने ढकललं की उलटी होते, आणि ती फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया. शेवटी 30 मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. नंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर डोकं वरच. मग मात्र खाली घ्या, नाहीतर पाठीला त्रास. गोळ्या कुटण्याआधी डॉक्टरांना विचारा; नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असलेल्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

इन्सुलिन

बाटली दोन ताकदींत मिळते: एका मिलीत 40 युनिट आणि एका मिलीत 100 युनिट. सिरिंजही दोन: 40 साठी लाल टोपीची, 100 साठी केशरी टोपीची. समजा 10 युनिट लिहून दिलेत, बाटली 100 ची आणि हातात लाल टोपीची सिरिंज आहे. दहाच्या खुणेपर्यंत भरलं की अंगात 25 युनिट गेले. उलट झालं तर फक्त 4. नवी बाटली आणली आणि जुन्या सिरिंज संपवायच्या राहिल्या, की हे घडतं. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग प्रत्येक वेळी दोघांनी मोठ्याने वाचावा.

शुगर 70 च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर, नीट गिळणारा असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. 108 ला फोन करा.

कॅथेटर, हात आणि कचरा

लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता. कूस बदलताना पिशवी पेशंटच्या अंगावर ठेवायची नाही. दोन तृतीयांश भरली की, किंवा आठ तासांनी तरी, रिकामी करून माप लिहायचं. चार तासांत काहीच आलं नाही तर आधी नळी मुडपली आहे का बघा, तसं नसेल तर लगेच नर्सला कळवा.

डायपर बदललेल्याच ग्लोव्हजनी भरवायला बसणं ही आम्हाला सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक. कामागणिक नवा जोड, आणि काढल्यावर साबणाने 40 ते 60 सेकंद हात. वापरलेल्या सुयांना पुन्हा टोपण लावायचं नाही. जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत टाकायच्या. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा द्यायचा.

वही

वेळ, कोणती कूस, काय खाल्लं, लघवी किती, शौच, बीपी, शुगर, कातडी आणि सही. रकान्यात 2, 4, 6, 8 असे गोल आकडे एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेले दिसले तर ती वही दिवसाअखेरीस भरलेली आहे. खरी नोंद 2.10, 4.25, 6.05 अशी असते आणि तिच्यात "उजवी कूस, डाव्या टाचेला काळपट डाग" असं काहीतरी असतं. अशी नोंद करणाऱ्या बाईंचं कौतुक करा, त्यांना रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी डाग लिहिला जात नाही.

केअरटेकर बदलायचा असेल तर आम्हाला आदल्या दिवशी सांगा. जुनी आणि नवी व्यक्ती निदान एक तास पेशंटपाशी एकत्र असतात, दोघी मिळून सगळी कातडी पाहतात आणि वहीत दोघींच्या सह्या होतात. त्या वेळी घरातलं कोणीतरी खोलीत हजर राहावं.