बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांना बास्केटबॉलच्या राज्य संघात जायचं असेल तर: वाट, पात्रता आणि कागदपत्रं

"सर, पोरगी चांगली खेळते, आता फॉर्म कुठं भरायचा?" दर मोसमाला टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतचे पालक मला हे विचारतात. त्यांच्यासाठी हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच एक सांगतो. राष्ट्रीय स्पर्धेसाठी खेळाडूला दिल्लीला परस्पर नाव देता येत नाही. देशात हा खेळ चालवते ती बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया, स्थापना 1950. तिच्या वर फिबा ही जागतिक संघटना, 1932 पासूनची. खेळाचे नियम, वयोगट, देशाकडून कोण खेळू शकतो, हे सगळं तिथून खाली येतं. फेडरेशनच्या खाली राज्य संघटना असतात. रेल्वे आणि सेनादल यांनाही राज्यासारखंच स्वतंत्र स्थान आहे, वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचे संघ वेगळे उतरतात. आपल्यासाठी दार म्हणजे कर्नाटक राज्य बास्केटबॉल संघटना, बेंगळुरू. बारा जणांचा संघ निवडून पाठवते ती हीच. तुमचं नाव दिल्लीला पोचतं ते तिच्या यादीतून.

सरकार एका खेळाला एकच राष्ट्रीय फेडरेशन मानतं. ती चौकट 2011 च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेने घातली. 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात मान्यतेसाठी क्रीडा मंडळ आणि तंट्यांसाठी न्यायाधिकरण आहे. पालकाला याचं काय, असं वाटेल. पण "ऑल इंडिया" असं नाव लावून, माणशी फी घेऊन स्पर्धा भरवणारे आपल्या भागातही फिरतात. पोरं हौसेनं जातात, मेडल घेऊन येतात आणि पुढं खेळाडूंच्या राखीव जागेसाठी ते सर्टिफिकेट कुणी हातात धरत नाही. पैसे भरण्याआधी एकच विचारा: ही स्पर्धा राज्य संघटनेच्या किंवा शिक्षण खात्याच्या यादीत आहे का?

दोन वाटा आहेत. एक शाळेची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, आणि त्यापुढं स्कूल गेम्स फेडरेशनची राष्ट्रीय स्पर्धा. गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. इथं आपल्याकडचा एक घोळ लक्षात ठेवा: महसुली जिल्हा एकच असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. निपाणीचा मुलगा चिकोडीकडून खेळतो, खानापूरचा बेळगावकडून. मागे एक पालक मुलाला घेऊन चुकीच्या निवड चाचणीला पोचले आणि दिवस फुकट गेला. ही नोंद शाळेचे पीटी सर करतात. त्यांच्याकडे मुलाचा सॅट्स नंबर (शिक्षण खात्याचा विद्यार्थी क्रमांक) आणि बोनाफाईड तयार असलं की पुरे.

दुसरी वाट संघटनेची: क्लब, जिल्हा, मग राज्याची निवड चाचणी आणि कॅम्प. फेडरेशनचे गट वेगळे आहेत. गेल्या काही वर्षांत सब-ज्युनिअर 13 वर्षांखाली, युथ 16, ज्युनिअर 18. शाळेचे आणि फेडरेशनचे गट जुळत नाहीत, त्यामुळे एकच मूल शाळेत 17 खाली आणि संघटनेत 16 खाली, असं दोन्हीकडे बसू शकतं. वय मोजताना बहुधा 1 जानेवारी धरतात, तरी त्या वर्षाच्या परिपत्रकातली तारीखच खरी माना. डिसेंबरात जन्मलेल्या पोराचं एक वर्ष इथं हुकतं, जानेवारीत जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभराचा फायदा मिळतो. हे आधीच मोजून ठेवा.

आता कागदपत्रं. निवड चाचणीत खेळामुळं बाद झालेली पोरं मी पाहिली आहेत, ते दुःख पचतं. कागदामुळं बाद झालेलं पोर बघवत नाही.

यादी छोटी आहे: जन्म दाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड किंवा मार्क्स कार्ड, पासपोर्ट साइझ फोटो, पालकांचं संमतीपत्र, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. अडचण यादीत नाही, अडचण दाखला, आधार आणि शाळेचा कागद या तिन्हींवर एकच मूल दिसण्यात आहे. शाळेत आपण "पाटील सुशांत मारुती" लिहितो, आधारवर "सुशांत पाटील" असतं आणि कन्नड दाखल्यावरून इंग्रजीत उतरवताना स्पेलिंग तिसरंच होतं. टेबलावरच्या माणसाला ही तीन मुलं वाटली तर त्याचा दोष नाही.

माझ्याकडच्या एका मुलीचं सांगतो. सोळा वर्षांखालच्या गटात तिच्यासारखी ड्रिबल करणारी जिल्ह्यात दुसरी नव्हती. चाचणीच्या आदल्या रात्री फाईल लावायला बसलो. जन्म दाखला उघडला. आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, तारीख, वेळ, दवाखाना, सगळं आहे. मुलीच्या नावाचा रकाना कोरा. बाळ जन्मलं तसं दवाखान्यानं कळवलं, बारसं झालं बाराव्या दिवशी, आणि नाव घालायला परत कुणी गेलंच नाही. त्या वर्षी ती घरी राहिली. आपल्या घरांत असे कोरे दाखले किती असतील, आज कपाटातून काढून बघा. नाव घालता येतं: पहिल्या बारा महिन्यांत फुकट, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे मूल आठवी-नववीत गेलं की मुदत अगदी दाराशी आलेली असते.

दाखला मिळतो तो जन्म जिथं झाला तिथं. घर खानापूरला असलं तरी प्रसूती बेळगावच्या दवाखान्यात झाली असेल तर नोंद बेळगावात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आपली रीतच, त्यामुळं कितीतरी मुलांची नोंद गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरला आहे आणि दाखला मराठीत आहे. घाबरू नका, तो कर्नाटकातही तितकाच चालतो. जन्म महाराष्ट्रातला म्हणून मूल कर्नाटकच्या संघाला अपात्र ठरत नाही. जन्मस्थळाच्या नावाचंही तेच. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं, म्हणून जुन्या दाखल्यावर एक आणि नव्या कागदावर दुसरं दिसणारच. मुलाचं नाव आणि तारीख मात्र अक्षरन् अक्षर जुळायला हवी.

आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. म्हणून आधी जन्म दाखला नीट करा, मग त्याच्याबरहुकूम आधार, मग शाळेचं रजिस्टर. दहावीचं मार्क्स कार्ड छापून आल्यावर तारीख दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं. आणि कृपा करून कुणाच्या सांगण्यावरून वय कमी लावू नका. वयचोरीविरुद्ध 2010 पासून राष्ट्रीय संहिता आहे, शंका आली तर दात तपासतात, हाडांचा एक्स-रे काढतात. त्यात सापडलेल्या मुलावर बंदी येते, आणि खोटं त्यानं सांगितलेलं नसतं.

सीमाभागातला हमखास प्रश्न: बेळगावचं मूल महाराष्ट्राकडून खेळू शकतं का? घरी कुठली भाषा बोलता, हे कोणी विचारत नाही. मूल कुठं शिकतं, कुठल्या जिल्हा संघटनेकडं नोंदलेलं आहे, हे बघतात. एका मोसमात एकच राज्य. कोल्हापूरच्या वसतिगृहात शिकायला गेलं आणि तिथून खेळायचं ठरवलं, तर आधी कर्नाटकच्या संघटनेचं ना-हरकत पत्र घ्या. दोन्हीकडच्या चाचण्या देऊन ठेवू, असं केलेलं मला पटत नाही, आणि उघडकीला आलं तर दोन्ही दारं बंद होतात.

चाचणी बहुतेक वेळा बेंगळुरूला, कंठीरव स्टेडियमच्या परिसरात. राणी चन्नम्मा रेल्वेनं संध्याकाळी निघालं की सकाळी पोचता. मूळ कागद सोबत न्या, झेरॉक्सचे दोन संच वेगळ्या पाकिटात. अर्ज इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असतो, तो घरीच शिक्षकांकडून तपासून घ्या. आणि एक, मुलींचा चेंडू सहा नंबरचा, मोठ्या मुलांचा सात. आपल्याकडं बऱ्याच शाळांत एकच चेंडू सगळ्यांना देतात, आणि मग चाचणीत मुलींचे शॉट छोटे-मोठे पडतात. निदान महिनाभर योग्य चेंडूवर सराव करा.

निवड झाली, खेळून झालं, सर्टिफिकेट हातात पडलं, की तिथंच, मैदान सोडण्याआधी त्यावरचं नाव आधारशी लावून वाचा. सीईटीनंतर खेळाडूंच्या राखीव जागेसाठी हाच कागद दाखवायचा असतो, आणि तिथल्या तिथं चूक सांगितली तर संघाचे मॅनेजर त्याच दिवशी बदलून आणतात.