सुतक आणि सेग्रिगेशन : पुण्याच्या प्लेगची पार्श्वभूमी

परकी सत्ता आणि साथ एकाच वेळी दारात आली की स्थानिक संस्कृतीचं काय होतं, या चर्चेत पुण्याचं नाव हटकून निघतं आणि हटकून गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर चाफेकरांनी केलेल्या गोळीबारापाशी थांबतं. २२ जून १८९७ची रात्र इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मानवशास्त्राला रस आहे तो त्याआधीच्या तीन महिन्यांत, वाड्यांच्या आत काय घडलं त्यात.

त्यामागचा इतिहास लांबचा आहे. १५२० मध्ये मेक्सिकोत स्पॅनिश स्वारीबरोबर देवीची साथ पसरली. ‘तिथल्या लोकांच्या अंगात प्रतिकारशक्तीच नव्हती’ हे उत्तर त्यावर बराच काळ पुरेसं मानलं गेलं. आता अभ्यासक त्यात वेठबिगारी, उपासमार आणि गावं उठवणं हेही धरतात. अंदमानात १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत झाली आणि १८७७ मध्ये गोवर आला. बोलणारी माणसंच गेल्यावर तिथल्या भाषाही गेल्या.

आपल्याकडे देवीची लस मात्र भाषेत मुरली. १४ जून १८०२ला मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली आणि पुढे मराठीत या क्रियेला ‘देवी काढणे’ हेच नाव पडलं. रोग देवीचा, तेव्हा लसही तिच्याच खात्यात जमा. सुरुवातीला एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचत. कोणाच्या अंगातलं पाणी कोणाच्या अंगात, हा जातीचा प्रश्न तिथेच उभा राहिला. वासरापासून लस मिळू लागल्यावर तो बराच निवळला. ही तडजोड रुळायला अनेक दशकं लागली. प्लेगने तेवढी सवड दिली नाही.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत रोग उघड झाला आणि वर्ष संपता संपता पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. कलमं चारच: दुसऱ्याने सरकारला हवे ते उपाय करण्याचा अधिकार दिला, तिसऱ्याने शिक्षा सांगितली, चौथ्याने सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण दिलं. मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरझडतीला निघाल्या. काखेत, जांघेत गाठ आहे का हे पाहायचं, रोगी इस्पितळात, घरातले बाकीचे सेग्रिगेशन म्हणजे विलगीकरणाच्या कॅम्पात, मग जमीन उकरणं, जंतुनाशक ओतणं, चुना मारणं, संशयित कपडे-अंथरुणं जाळणं.

सैन्य का, हा वाद आजही मिटलेला नाही. सैनिक शिस्तीचा असतो, लाच घेत नाही, ओळखीपाळखीला भीक घालत नाही, ही सरकारी बाजू. शहरातल्या वजनदार वृत्तपत्राचा विलगीकरणाला विरोध नव्हता, रोष होता पद्धतीवर. गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही त्याने झोडपलं होतं. स्त्रियांवरच्या अत्याचाराचा आरोप एका नेमस्त पुढाऱ्याने इंग्लंडात केला. पुरावा देता न आल्याने त्यांना माफी मागावी लागली. त्या माफीवरून काहीच घडलं नाही असं ठरवणं चूक आहे. अब्रूच्या भीतीने साक्षीला कोणी उभं राहिलं नसेल, तर पुरावा कुठून येणार?

रोग आटोक्यात आणण्याच्या दृष्टीनेही ही पद्धत फसवी होती. प्लेग उंदरावरच्या पिसवेमुळे पसरतो हा विचार १८९८ मध्ये मांडला गेला. तो पक्का झाला मुंबईतल्या प्रयोगांनंतर, म्हणजे आणखी सुमारे दहा वर्षांनी. उंदीर मेला की पिसू त्याचं गार पडलेलं अंग सोडते आणि भुकेपोटी माणसाला चावते. गाठीचा प्लेग एरवी माणसाकडून माणसाला होत नाही. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो. म्हणजे गाठीच्या रोग्याच्या घरच्यांना कॅम्पात डांबण्यापेक्षा त्यांना नुसतं त्या घरातून हलवणं महत्त्वाचं होतं. उकरलेल्या जमिनीतले उंदीर शेजारच्या घरात जाणार, झडतीच्या धाकाने लपवलेला रोगी वेळेवर उपचाराला येणार नाही, रातोरात पळणारं कुटुंब गाठोड्यातून पिसवा घेऊन जाणार. ‘उंदीर पडले, माळावर चला’ ही गावाकडची रीत त्या मानाने शहाणपणाची होती.

इथे खरा गुंता दोन शब्दांचा आहे. सेग्रिगेशन लोकांना नवं वाटलं म्हणून विरोध झाला, असं सरसकट लिहिलं जातं. वेगळं बसणं इथे कोणाला नवं होतं? सुतक म्हणजे तरी काय? पण दोन्हींचा हिशेब निराळा. सुतक रक्तावर चालतं: भाऊबंद दूरगावी असला तरी त्याला साधारण दहा दिवस, लग्न झालेल्या मुलीला तीन, आणि त्याच वाड्यातल्या भाडेकरूला काहीच नाही. सेग्रिगेशन छपरावर चालतं. भाडेकरू, मोलकरीण, आलेला पाहुणा, सगळे कॅम्पात, आणि सख्खा भाऊ दुसऱ्या पेठेत मोकळा. सुतकातल्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, माणसं भेटायला येतात. कॅम्पाने नेमकी हीच ये-जा तोडली. सुतक मोजलेल्या दिवशी आंघोळीने फिटतं, कॅम्पातली सुटका डॉक्टरच्या मर्जीवर. त्यात बूट घातलेला शिपाई ओसरी, माजघर ओलांडून देवघरात शिरला, म्हणजे घरातल्या पायऱ्यापायऱ्यांचा सगळा क्रमच मोडला.

उलट, ज्या सत्तेने घरातली सोवळ्याची रेघ पुसली तिनेच इस्पितळात ती ठळक केली. हिंदू, मुसलमान, पारशी यांची इस्पितळं वेगवेगळी निघाली. मानवशास्त्र त्या वेळी याच सरकारच्या जातवार नोंदींवर वाढत होतं, हेही विसरून चालणार नाही. आणि कागदोपत्री उरलेली गाऱ्हाणी बहुतेक लिहित्या, वाडेवाल्या पुण्याची आहेत. ज्यांच्या घरात माजघर आणि देवघर अशा वेगळ्या खोल्याच नव्हत्या, त्यांच्या झोपड्यांत काय झालं हे त्या कागदांत शोधावं लागतं. शहराबाहेरच्या मळ्यात दवाखाना उघडून अशा रोग्यांची सेवा करणारी, मुलींच्या शाळेमुळे सर्वांना ठाऊक असलेली शिक्षिका १० मार्च १८९७ला प्लेगनेच गेली. घरझडतीच्या कहाणीत तिला जेमतेम एक ओळ मिळते, याची खंत वाटते.

१९१८च्या इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून अधिक माणसं नेली. १९२१च्या जनगणनेत लोकसंख्या घटली, तरी त्या साथीची लोककथा झाली नाही. घरात शिरणारं कोणी नव्हतं, हे त्याचं एक कारण असावं.

१८९७चा कायदा २००९ मध्ये स्वाइन फ्लूसाठी पुण्यात वापरला गेला. ९ मार्च २०२०ला राज्यातले पहिले कोरोनाबाधित पुण्यातच सापडले आणि त्याच आठवड्यात तोच कायदा पुन्हा लागू झाला. डाव्या हाताच्या पंजावर मागच्या बाजूला होम क्वारंटाइनचा शिक्का, दारावर कागद, पेठांतल्या बोळांच्या तोंडाशी ठोकलेले पत्रे. या वेळी सत्ता आपली होती, पण हिशेब पुन्हा छपराचाच. विलगीकरण चौदा दिवसांचं आणि दहावा दहाव्या दिवशी. आईला अग्नी दिला त्या मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर दहाव्याला तो घाटावर जाऊच शकत नव्हता. कुणी दुसऱ्याच्या हातून पिंड ठेवला, कुणी फोनच्या पडद्यावर गुरुजींचे मंत्र ऐकले, कुणी विधी पुढे ढकलला. अंत्ययात्रेला वीसच माणसं चालत होती. पालख्याही त्या वर्षी पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या.

वारी २०२२ मध्ये पुन्हा पायी निघाली. दहाव्याचं तसं झालेलं नाही. दहावा-तेरावा एकाच दिवशी उरकणं, भेटायला येऊ नये असं निरोपातच कळवणं, हे आधीही तुरळक होतं. आता त्याबद्दल कुणी कारण विचारत नाही. शेजारून येणारं पिठलं-भाताचं पातेलं मात्र कसब्यातल्या जुन्या बिऱ्हाडांत अजून येतं, आणि ते रिकामं परत करायचं नाही हा नियमही अजून पाळला जातो.