पवनचक्की देखभाल प्रशिक्षणातील सदृशीकरण

वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्कीची तपासणी, दुरुस्ती आणि दोषनिदान करणाऱ्या तंत्रज्ञांना प्रत्यक्ष यंत्रावर पाठवण्यापूर्वी किंवा उजळणी म्हणून कृत्रिम परिस्थितीत सराव देण्याची पद्धत (सिम्युलेशन); अशा सरावाचे साधन म्हणजे सिम्युलेटर. तिच्यासाठी संगणकीय प्रतिमान, आभासी वास्तवाचा हेडसेट, नियंत्रकाची (चक्की आपोआप चालवणाऱ्या संगणकाची) प्रतिकृती आणि जमिनीवर मांडलेले यंत्रभाग अशी साधने वापरली जातात. जमिनीवरच्या यंत्रभागांना काही जण सदृशीकरण मानत नाहीत. केवळ संगणकीय साधनांपुरतीच ही संज्ञा राखतात. प्रशिक्षण केंद्रांत मात्र दोन्हींची सरमिसळ इतकी असते, की त्यांचा विचार एकत्र करणेच सोयीचे ठरते.

गरज : आधुनिक पवनचक्कीचे नासेल (मनोऱ्याच्या टोकावरील यंत्रकक्ष) बहुधा ८० ते १५० मी. उंचीवर असते. आत जागा अपुरी असते, त्यामुळे तेथे वर्ग भरवता येत नाही. यंत्र थांबवले की वीजनिर्मितीही थांबते. समुद्रातील चक्क्यांवर तर लाटा आणि वारा अनुकूल असतील तेवढ्याच तासांत काम उरकावे लागते. याहून महत्त्वाचे कारण म्हणजे गंभीर दोष क्वचित उद्भवतात. एखादा तंत्रज्ञ वर्षानुवर्षे नियमित देखभाल करूनही विशिष्ट बिघाडाला सामोरा गेलेला नसतो, आणि नासेलमधील आगीसारखी घटना तर प्रत्यक्ष अनुभवातून शिकण्याची गोष्टच नव्हे. ऑक्टोबर २०१३ मध्ये नेदरलँड्समधील ऊल्टखेन्सप्लाट येथे पवनचक्कीला लागलेल्या आगीत दोन तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले.

उगम : या पद्धतीची वंशावळ दोन प्रकारे सांगितली जाते. पहिली विमानविद्येतून येते. फ्रान्समध्ये १९१० च्या सुमारास आंत्वानेत विमानाच्या वैमानिकांसाठी अर्ध्या पिंपांवर बसवलेले आसन वापरले जाई; सहायक ते हातांनी हलवत आणि शिकाऊ वैमानिक ते सावरी. अमेरिकेत एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील हवेच्या भात्यांचे तंत्र वापरून १९२९ च्या सुमारास उड्डाण-प्रशिक्षक यंत्र तयार केले. त्याचे पेटंट १९३१ मध्ये मिळाले. १९३४ मध्ये टपालवाहतुकीच्या उड्डाणांत अनेक अपघात झाल्यावर अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने अशी सहा यंत्रे विकत घेतली. पहिला सिम्युलेटर कोणता, हा वाद मुख्यतः व्याख्येचा आहे. चालकाच्या हालचालीला यंत्राने स्वतः प्रतिसाद द्यावा अशी अट घातली, तर फ्रेंच पिंप बाद होते आणि लिंक यांचे यंत्र उरते.

दुसरी वंशावळ वीजकेंद्रांच्या नियंत्रणकक्षांतून येते. अणुवीज केंद्रांसाठी पूर्ण कक्षाच्या प्रतिकृती १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून उभ्या राहू लागल्या. १९७९ मधील अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. लोकप्रिय लेखनात विमानाचीच कथा पुढे असते. ती रंजकही आहे. परंतु पवनचक्कीचा तंत्रज्ञ यंत्र हाकत नाही, तो इशारे वाचून बिघाडाचा माग काढतो. त्या दृष्टीने त्याचे शिक्षण कॉकपिटपेक्षा नियंत्रणकक्षाला जवळचे आहे आणि दुसरी वंशावळ अधिक ग्राह्य वाटते. हेडसेट हे साधन या दोन्हींपेक्षा वेगळ्या वाटेने आले. मॉर्टन हेलिग यांचे सेन्सोरामा (प्रेक्षकाला चित्र, आवाज व वास एकत्र देणारे यंत्र) या यंत्राचे पेटंट १९६२ चे आहे, तर आयव्हन सदरलँड यांचे डोक्यावर बसणारे दृश्यपटल १९६८ चे.

नियंत्रक सिम्युलेटर : सर्वांत कमी देखणा, पण बहुधा सर्वांत उपयुक्त असा हा प्रकार. यात खरा नियंत्रक किंवा त्याचे खरे सॉफ्टवेअर घेतात आणि त्याला वारा, पाती, जनित्र व संवेदक यांचे गणिती प्रतिमान जोडतात. प्रतिमानाचे गणित नियंत्रकाच्या प्रत्येक आवर्तनात, म्हणजे काही मिलिसेकंदांत पुरे व्हावे लागते. अन्यथा नियंत्रक संवेदक तुटल्याचे समजून चक्की थांबवतो. प्रशिक्षक मागे बसून दोष पेरतो. उदाहरणार्थ, एका पात्याचा पिचकोन (पाते स्वतःच्या अक्षाभोवती किती वळले आहे तो कोन) इतर दोघांशी जुळत नाही असा इशारा येतो. कारण कोनमापक असेल, अडकलेली झडप असेल किंवा पाती जोडलेल्या फिरत्या हबकडे संदेश नेणाऱ्या स्लिप रिंगवरची घाण असेल. स्लिप रिंगचा दोष अनेकदा रोटर (हब व पाती) फिरत असतानाच दिसतो. चक्की थांबवून मीटर लावला, की सर्व काही ठीक आढळते आणि नवखा तंत्रज्ञ चांगला कोनमापक बदलून खाली उतरतो. रोटरच्या फिरण्याशी बांधलेला असा अधूनमधून उमटणारा दोष खऱ्या यंत्रावर मुद्दाम घडवणे कठीण असते. प्रतिमानात तो सहज घालता येतो.

ऊर्जा विलग करण्याचा सराव : मुख्य स्विच उघडला म्हणजे चक्की निर्जीव झाली, असे होत नाही. कन्व्हर्टरमधील (वीज रूपांतरित करणाऱ्या यंत्रणेतील) संधारित्रे (कपॅसिटर) काही काळ भारित राहतात. हायड्रॉलिक संचायकात (द्रवाचा दाब साठवणाऱ्या टाकीत) नायट्रोजन वायूचा दाब पंप बंद झाल्यावरही टिकून असतो. पाती विजेच्या मोटरींनी वळवणाऱ्या (विद्युत पिच असलेल्या) चक्कीत हबमध्ये स्वतंत्र बॅटऱ्या किंवा अतिसंधारित्रे असतात आणि वारा तर कोणत्याच स्विचने बंद होत नाही. म्हणून रोटरला यांत्रिक खीळ घालावी लागते. कुलूप लावून पाटी अडकवण्याच्या या क्रमात (लॉकआउट-टॅगआउट) व्होल्टेज तपासणीचेही तीन टप्पे असतात : परीक्षक (व्होल्टेज आहे की नाही ते दाखवणारे उपकरण) आधी ज्ञात चालू स्रोतावर तपासणे, मग कामाच्या जागी आणि पुन्हा त्याच स्रोतावर. घाईत तिसरा टप्पा गळतो. सिम्युलेटर ही गळती टिपतो. चांगला सिम्युलेटर तपासणीच्या मधेच परीक्षक बिघडवूनही दाखवतो. खऱ्या यंत्रावर चुकीला परवानगी देता येत नाही, येथे ती देता येते, हा सदृशीकरणाचा मोठा लाभ.

मर्यादा : बोल्ट आवळणे हे तंत्रज्ञाचे नित्याचे काम, पण आभासी वास्तवात ते सर्वांत लंगडे पडते. टॉर्क रेंचने लावलेल्या बलापैकी ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्टला ताण देण्यास खर्ची पडतो. बाकीचा आटे व डोक्याखालचे घर्षण खाऊन टाकते. वंगण कमी पडले किंवा आटे गंजले तर रेंच योग्य आकड्यावर ‘टक्’ करतो, पण बोल्ट सैलच राहतो. हेडसेटमध्ये नेमकी ही ‘टक्’ तेवढी ऐकू येते. त्यामुळे बोल्टचे काम खऱ्या जोडांवर आणि हायड्रॉलिक ताणयंत्रावरच शिकवावे लागते. उंचीची भीती, शिडी चढण्याचा थकवा आणि हार्नेसमध्ये लटकलेल्या सहकाऱ्याचे वजन यांनाही तेच लागू पडते.

हेडसेटमुळे होणारी मळमळ सिम्युलेटरांच्या जुन्या अनुभवाशी जुळते. हेलिकॉप्टर सिम्युलेटरमधील अशा त्रासाची नोंद १९५७ पासून आहे. डोळ्यांना गती दिसते, कानातील तोल राखणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, हे त्याचे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण. चित्र सेकंदाला ९० वेळा बदलणारे हेडसेट वापरल्यास त्रास घटतो, संपत नाही.

प्रतिमानांचा स्रोत : उत्पादक आपल्या यंत्रांचा तपशील सहसा उघड करत नाहीत, म्हणून शैक्षणिक संस्था संदर्भ-चक्क्यांकडे (अभ्यासासाठी तपशील खुला केलेल्या काल्पनिक चक्क्यांकडे) वळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली ५ मेगावॉटची काल्पनिक चक्की (रोटरचा व्यास १२६ मी., हबची उंची ९० मी.) आणि २०२० मधील १५ मेगावॉटची चक्की (व्यास २४० मी.) या सर्वपरिचित आहेत. मात्र ती प्रतिमाने भार व रचनेच्या अभ्यासासाठी आहेत. त्यांत फ्यूज, टर्मिनल पट्ट्या, केबलचे क्रमांक यांतले काहीच नाही आणि तंत्रज्ञाचा दिवस तर त्यांतच जातो.

प्रमाणके : ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या पवनऊर्जा उद्योगातील संघटनेच्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणात प्रथमोपचार, हाताने वजन हाताळणे, अग्निजागृती, उंचीवरील काम आणि समुद्रात तगून राहणे हे भाग येतात, त्यांची उजळणी दर दोन वर्षांनी करावी लागते. मूलभूत तांत्रिक प्रशिक्षणात यांत्रिकी, विद्युत व हायड्रॉलिक हे विभाग आहेत.

परिणामकारकता : येथे आधार शेजारच्या क्षेत्रांचा घेतला जातो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शस्त्रक्रिया-चाचणीत आभासी सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय विलग करण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले व चुकाही कमी केल्या. सहभागी मात्र १६ च होते. वैमानिक प्रशिक्षणाबाबत विमानविद्येतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ मध्ये मांडले, की सिम्युलेटरमधील पहिले तास प्रत्यक्ष उड्डाणाचे बरेच तास वाचवतात आणि पुढच्या प्रत्येक तासाचा लाभ घटत जातो. हा नियम पवनचक्कीला लावताना तासांऐवजी कामाचा प्रकार पाहणे अधिक सयुक्तिक दिसते : दोषनिदान व विलगीकरणाचा क्रम यांत लाभ दीर्घकाळ टिकावा, हस्तकौशल्यात तो लवकर आटावा.