गिधाडांचा ऱ्हास (भारत)

भारतात १९९० नंतरच्या दीड दशकात गिधाडांच्या तीन जाती नामशेष होण्याच्या काठावर आल्या. पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटले. लांब चोचीचे आणि बारीक चोचीचे मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी. एखादा जीव नाहीसा झाला तर माणसाच्या आरोग्याला आणि खिशाला किती झळ बसते, हे आकड्यांत मांडता आलेली उदाहरणे जगात थोडीच आहेत. त्यांत हे ठळक आहे.

२०१९च्या पशुगणनेनुसार देशात ३० कोटींहून अधिक गाई-म्हशी आहेत. त्यांतली कितीतरी जनावरे म्हातारपणाने वा आजाराने मरतात. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून टाकायचे, कातडे सोलून घ्यायचे (हे काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांनीच), मग गिधाडांचा थवा उतरून तासाभरात सांगाडा मोकळा करायचा आणि वाळलेली हाडे वेचून खत-सरसाच्या कारखान्यांना विकली जायची. या साखळीत पालिकेचा वा पंचायतीचा एक पैसाही खर्च होत नसे. त्यामुळे तिची नोंद कुठल्या अंदाजपत्रकात नव्हती. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना १९९०च्या दशकात गिधाडे माना टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली दिसू लागली. आधी संशय विषाणूवर गेला. खरे कारण लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांच्या तपासणीतून शोधले आणि २००४च्या आरंभी प्रसिद्ध केले: डायक्लोफेनॅक. माणसांसाठी नेहमीचे असलेले हे वेदनाशामक औषध स्वस्त होताच जनावरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले होते. उपचारानंतर थोड्याच दिवसांत मेलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. शंभरातल्या एखाद्याच मृत जनावरात हे औषध असले, तरी थवेच्या थवे संपायला तेवढे पुरते, कारण एकाच जनावरावर अनेक गिधाडे तुटून पडतात. शिवाय जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात.

रिकाम्या झालेल्या जागी भटकी कुत्री आली. अर्थतज्ज्ञ अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार गिधाडे गेल्यामुळे कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली, रेबीजचे सुमारे ४७ हजार जादा मृत्यू झाले आणि १९९३ ते २००६ या काळात ३४ अब्ज डॉलरचा भार पडला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४मध्ये वेगळी वाट घेतली. जिथे गिधाडे पूर्वी भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळातच कमी होती ते जिल्हे, यांची तुलना त्यांनी केली. पहिल्या गटात माणसांचा मृत्यूदर ४ टक्क्यांहून अधिक वाढलेला आढळला. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू. रेबीजच्या लशींचा खप वाढला होता, पाण्यात विष्ठेतले जिवाणू वाढले होते. वर्षाला ६९.४ अब्ज डॉलरचे नुकसान हा त्यांचा आकडा मात्र जपून वापरावा. माणसाच्या जिवाला किती मोल धरले, यावर तो पूर्णपणे अवलंबून आहे. मृत्यूंचा अंदाज त्याहून अधिक बोलका आहे.

मुंबईत याची झळ वेगळ्या प्रकारे पोचली. मलबार हिलवरील डुंगरवाडीत मृतदेह उघड्यावर गिधाडांसाठी ठेवण्याची पारशी समाजाची अंत्यविधीची परंपरा आहे. गिधाडे नाहीशी झाल्यावर देह सुकवण्यासाठी तिथे सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवावे लागले. त्यावरून समाजात वाद झाले, आणि काही कुटुंबांनी दहनाचा पर्याय स्वीकारला.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत वापरल्या जात राहिल्या. २०१५मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणून ती वाट अरुंद केली गेली. एसिक्लोफेनॅक हे दुसरे वेदनाशामक जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होते, तरी त्यावर आणि गिधाडांना तसेच घातक असलेल्या किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडले. हा उशीर अक्षम्य म्हणावा असा आहे, कारण मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना निर्धोक पर्याय २००६पासून ठाऊक होता.

हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे बंदिस्त जागेत प्रजनन चालते. तिथली २० गिधाडे २०२४च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंच आणि ताडोबा व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली. नाशिक आणि रायगड जिल्ह्यांत स्थानिकांच्या साथीने औषधमुक्त मृत जनावरे ठरावीक जागी ठेवण्याचे प्रयोगही झाले आहेत. ते चांगले असले तरी गिधाडे दूरवर उडतात आणि पुढच्या तालुक्यात कोणते इंजेक्शन टोचले गेले आहे, यावर त्या जागेचा ताबा चालत नाही.