बाळाच्या पेजेतली नाचणी: थोडी पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. बाळाची पहिली पेज कशाची, हेही बरंचसं त्यावरच ठरत आलं. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सांगलीकडच्या शिराळ्याच्या डोंगरउतारावर मुरमाड जमिनीत नाचणी आणि वरी तग धरते. माण-खटाव, जत-आटपाडीकडे ज्वारी-बाजरी. म्हणून डोंगरातल्या घरात उष्टावण झालं की नाचणीचं सत्त्व, तर पूर्वेकडे ज्वारीच्या पिठाची पातळ पेज.

सहाव्या महिन्यात अन्नप्राशन करावं, असं गृह्यसूत्रांत, म्हणजे घरातल्या संस्कारांच्या प्राचीन ग्रंथांत, सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनाही २००१ पासून सहा महिने निव्वळ आईचंच दूध सांगते. त्याआधी चार ते सहा महिने असं मोघम सांगितलं जाई.

सत्त्व करायच्या रीती दोन. एकीत नाचणी भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. दिसायला सुरेख, पचायला हलका. पण नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यातलं बरंचसं सालीत, आणि ते चोथ्याबरोबर निघून जातं. मला दुसरी रीत जास्त मोलाची वाटते, मोड आणायची. रात्रभर भिजवलेली नाचणी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. पांढरे बारीक कोंब दिसले की सावलीत खडखडीत वाळवायची (ओल राहिली तर बुरशी धरते), मंद आचेवर जेमतेम गरम करून दळायची.

यात काय घडतं, हे शास्त्राने बरंच नंतर उलगडलं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते पिठातला स्टार्च फोडतं. पेज शिजायला लागताच सैल होते. एरवी घट्ट पेज बाळाला गिळवत नाही म्हणून आई पाणी वाढवते. इवलंसं पोट पाण्यानेच भरतं, अंगी काही लागत नाही. मोडाच्या पिठाची पेज मात्र पीठ जास्त घालूनही पातळ राहते. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी बाळांच्या आहारासाठी यावर काम केलं. पीठ कडक भाजलं तर हे विकर मरतं. म्हणून ते ‘जेमतेम गरम’ फार महत्त्वाचं.

मधल्या काळात ही पेज मागे पडली. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावरच्या लोकांना सुकडी (तयार पौष्टिक खाऊ) मिळाली, १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडीतून पोषण आहार घरोघर आला. रेशनवर गहू-तांदूळ, कृष्णाकाठी ऊस, दुकानात डबे. दोन वर्षांखालच्या मुलांच्या तयार आहाराची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, तरी डब्याचा रुबाब उतरला नाही, याचं वाईट वाटतं. सरकारने २०१८ साली भरडधान्यांना पौष्टिक तृणधान्य म्हटलं आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा कुठे नाचणीकडे पुन्हा लक्ष गेलं.

आता बचत गटांच्या स्टॉलवरही सत्त्वाच्या पुड्या दिसतात. घेताना नाचणीला मोड आणले होते का आणि ती किती भाजली, एवढं जरूर विचारा. पूर्वी पेजेत गुळाचा खडा पडायचा; आता बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ टाळायला सांगतात. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बाळाला बॉट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.