पात्याखालून सुटणारा पट्टा

रात्री गाडीच्या दिव्यात रस्त्यावरचा पांढरा पट्टा उजळतो, तो नुसत्या रंगामुळे नाही. रंग ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. ते निम्म्याहून थोडे अधिक रंगात रुततात आणि दिव्याचा प्रकाश चालकाकडेच परत पाठवतात.

हिमप्रदेशात पहिला घाला पडतो तो या मण्यांवर. बर्फ हटवणाऱ्या यंत्राचं पातं रस्ता खरवडत जातं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये हिवाळ्यात खिळे बसवलेले टायर वापरतात, त्यांची झीज वेगळीच. पट्ट्याखाली शिरलेलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि कडा उचकटतं.

मग थर जाड द्यावा का? पट्टा जितका वर, तितका तो पात्याच्या तावडीत. कॅलिफोर्नियाने 1966 मध्ये महामार्गांवर ‘बॉट्स डॉट’ ही मार्गिका दाखवणारी उंच बटणं सक्तीची केली, तेव्हाही बर्फ पडणारा भाग वगळला होता. पात्याने ती उखडलीच असती.

म्हणून अमेरिकेतल्या अनेक थंड राज्यांत पट्टा खाली नेतात. रस्त्यात काही मिलिमीटर खोल खाच कापायची आणि रंग काठाच्या किंचित खालीच थांबवायचा. पातं वरून निघून जातं. अलास्कात या खाचेत मिथाइल मेथाक्रिलेट हे द्रवरूप प्लास्टिक भरतात. दोन घटक मिसळताच रासायनिक क्रियेने ते कडक होतं, थर्मोप्लास्टिकसारखं (तापवून पसरवायच्या प्लास्टिकसारखं) वितळवावं लागत नाही.

खाच टिकाऊपणा देते, पण पाणी साठवते, आणि मला खरी कसोटी इथेच दिसते. प्रकाश परतायचा तर तो मण्याच्या मागच्या बाजूवर एकवटावा लागतो. हवेत त्यासाठी मण्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वळवतो याचं माप, 1.9 च्या आसपास हवा. साध्या काचेचा 1.5 असतो. मण्यावर पाणी चढलं की हे गणित कोलमडतं आणि 2.4 च्या जवळचा मणी लागतो. त्यामुळे कोरड्या व ओल्या रात्रीसाठी वेगवेगळे मणी एकत्र वापरतात. शिवाय पट्टा सपाट न ठेवता उंचसखल करतात. पाणी निथळतं, उंचवटे उघडे राहतात. वर कठीण खडीची भुकटी टाकली तर दुचाकी घसरण्याचा धोकाही कमी होतो. हा खर्च टाळू नये.

बर्फाने रस्ताच झाकला, तर मात्र कोणताही पट्टा निरुपयोगी. जपानच्या होक्काइदोमध्ये यासाठी कडेच्या खांबांवर लाल-पांढरे बाण टांगलेले असतात. त्यांचं टोक खाली, थेट रस्त्याच्या कडेकडे असतं.