रबराची पानगळ आणि अल्पभूधारकाचा हिशेब

रबराच्या झाडाला पानांचा रोग लागला तर झाड सहसा मरत नाही. शेतकऱ्याची खरी अडचण हीच आहे. हंगामी पीक बुडालं तर पुढच्या हंगामात दुसरं पेरता येतं. रबराचं झाड मात्र पहिला चीक द्यायलाच सहा-सात वर्षं घेतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं देत राहतं. रोगट झाड थोडा का होईना, चीक देतंच. ते तोडायचं तर पुन्हा सहा-सात वर्षं हात रिकामे. जगातलं बहुतेक नैसर्गिक रबर दोन-चार एकरांच्या अशाच बागांमधून येतं, तेव्हा हा प्रश्न लाखो घरांचा आहे.

पानं गळली की चीक का आटतो? चिकातलं रबर साखरेपासून बनतं आणि साखर पानांत तयार होते. सालीवर काप दिला की चिकवाहिन्या रित्या होतात आणि पुढच्या कापापर्यंत झाडाला त्या पुन्हा भराव्या लागतात. त्यातच पानं अवेळी झडली तर खोडात साठवलेला स्टार्च नव्या पालवीवर खर्च होतो. वर्षातून दोन-तीनदा असं झालं की झाडाची शिल्लकच संपते. खोडाची वाढ खुंटते, नवी साल पातळ येते.

2016 च्या सुमारास उत्तर सुमात्रात अशीच एक पानगळ सुरू झाली. पेस्टलोटिओप्सिस गटातल्या बुरशीशी तिचा संबंध जोडला जातो. जून पानांवर गोल तपकिरी ठिपके पडतात आणि पानांचा सडा पडतो. पुढे ती मलेशिया, दक्षिण थायलंड, श्रीलंकेतही पोहोचली. बाधित बागांत पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त उत्पादन घटल्याच्या नोंदी आहेत. मालक आणि चीक काढणारा मजूर जिथे वाट्याने काम करतात, तिथे तूट दोघांच्याही ताटात येते. मजुराकडे तर जमिनीचाही आधार नसतो.

केरळात पावसाळी पानगळ जुनीच. ती फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होते आणि तिच्यावरचा उपायही ठाऊक आहे: पाऊस लागण्याआधी तेलात मिसळलेल्या कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी. पण झाडाचा शेंडा पंधरा-वीस मीटरवर. तिथवर फवारा पोहोचवणारं यंत्र एकट्या छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही. शिवाय शेजाऱ्याने फवारलं नाही तर रोग बांध ओळखत नाही.

मग भावाचा मुद्दा येतो. 2011 च्या सुरुवातीला जागतिक बाजारात रबर किलोला पाच डॉलरच्या वर होतं, 2016 च्या सुरुवातीला दीड डॉलरच्याही खाली. अशा भावात खत आणि फवारणी हेच खर्च आधी कापले जातात. उपाशी झाड रोगाला लवकर बळी पडतं. याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या वर्षीच्या हिशेबात तो निर्णय बरोबरच असतो.

रोगप्रतिकारक वाण हवेत, हे सगळेच म्हणतात. रबराची लागवड डोळा भरलेल्या कलमांनी होते, म्हणजे एका वाणाची सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या एकसारखी. एका झाडावर जमलेली बुरशी सगळ्या बागेवर जमते. श्रीलंकेत 1980 च्या दशकात आरआरआयसी 103 हा जोमदार वाण कोरिनेस्पोरा बुरशीला इतका बळी पडला, की त्याच्या बागा उपटाव्या लागल्या. नवा वाण पारखायला वीस-पंचवीस वर्षं जातात. एकाच बागेत तीन-चार वाण मिसळून लावले तर धोका विभागला जातो, पण रोपवाटिकेत बहुधा सर्वाधिक चीक देणाऱ्या वाणाचीच कलमं मिळतात आणि शेतकरी तीच मागतो.